अर्धा गरका

बटण दाबलं. पंखा अर्धा गरका फिरला आणि थांबला. आत कुठेतरी टक् झालं, स्वयंपाकघरात भाताच्या विजेच्या भांड्याची कळ वर उडते तसं, आणि मग काहीच नाही. मॉनिटर काळा. त्या काळ्या काचेत माझा चेहरा, माझ्यामागे खिडकी, खिडकीखाली पलंग, पलंगावर माझा नवरा यू-हाई, आणि यू-हाईचे दोन डोळे. ते माझ्याकडे बघत नव्हते, पंख्याकडे बघत होते. गुरुवार, सकाळचे साडेदहा. तीन वाजता डॉक्टरीणबाई घरी येणार होत्या आणि माझ्या नवऱ्याला विचारणार होत्या, की श्वास अपुरा पडायला लागला तर गळ्याला भोक पाडून नळी घालायची का. घालायची की नाही, हे त्याने स्वतः सांगायचं होतं. आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडाला वीज लागते.

आधी बोटं गेली. स्क्रू हातातून पडायला लागले तेव्हा तो म्हणाला, आता चष्मा बदलायला हवा. मग खांदे, मग पाय, मग जीभ, एकेक करत, जसं कुणी चालू मशीनमधून एकेक भाग काढून घ्यावा आणि बघावं, अजून चालतंय का. डोळे राहिले. मॉनिटरखालचा कॅमेरा त्याच्या बुबुळांकडे बघतो, पडद्यावरच्या ज्या अक्षरावर नजर ठरेल ते अक्षर उचलतो, आणि शब्द झाला की त्याच्याच आवाजात म्हणतो. आवाज दोन वर्षांपूर्वीचा. जीभ जायच्या आधी आम्ही तो भरून ठेवला. रविवारी जुनं मशीन जळलं, करपल्या रबराचा वास आला आणि यू-हाई गप्प झाला. रो भाऊ, संगणकांच्या बाजारात त्याच्या शेजारच्या गाळ्यात बसायचे ते, सोमवारी लॅपटॉप घेऊन आले, पण त्याच्यावर तो कॅमेरा चालेना. मग त्यांनी सुटे भाग पाठवले. जोडणार कोण? मी. वीस वर्षं संगणक जोडणाऱ्याची बायको म्हणजे निम्मी कारागीर, असं रो भाऊंना वाटतं. खरं तर वीस वर्षं मी फक्त जेवणाचे डबे पोचवले.

तसा अक्षरांचा तक्ता आहे. पारदर्शक प्लास्टिकचा, त्याच्या आणि माझ्या चेहऱ्यामध्ये धरायचा. मी अक्षरावरून बोट नेते, तो डोळे मिटतो, म्हणजे हो. वर बघतो, म्हणजे नाही. पण तक्ता माझ्या हातात असतो आणि शब्द माझ्या तोंडातून येतो, आणि सासूबाई सोमवारी नर्ससमोर सरळ म्हणाल्या, "हिच्या तोंडून आलेलं मी माझ्या पोराचं धरणार नाही. ही अर्ध्यावरच शब्द पुरा करते. कालच त्याला काय हवं होतं कोण जाणे, हिने पपई भरवली." नर्स पंग हसली. मी हसले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तो त्याच्या आवाजात बोलला तर वादच नको, कागद करून टाकू. कागद नसला आणि एकाएकी दवाखान्यात न्यावं लागलं, तर तिथले लोक विचारत बसत नाहीत, नळी घालतात. पुढची फेरी तीन आठवड्यांनी. यू-हाईच्या पापण्या आताच दुपारनंतर जड होतात. तीन आठवड्यांनी त्या उघडतील का, हे कुणी बोलत नाही.

बटण दाबलं. पंखा अर्धा गरका फिरला आणि थांबला. टक्.

"काय म्हणतंय?" सासूबाई दारात. हातात सोललेला मुळा.

"काही म्हणत नाहीये, आई. तेच तर."

"चार स्क्रू उरलेत बघ टेबलावर."

"ते जास्तीचेच येतात."

"ह्याचे वडील पण असंच म्हणाले होते. सायकल उघडली, परत जोडली, चार उरले. नंतर ती सायकल फक्त उतारावर चालायची."

यू-हाईच्या डोळ्यांच्या कडा आवळल्या. तो असाच हसतो आता. मी पाठ फिरवून वायर चाचपत बसले.

पहिला संशय स्वतःवर, मग वायरवर, मशीनवर सगळ्यात शेवटी. हे त्याचं वाक्य. आमची ओळखच ह्या वाक्यावर झाली. मी कचेरीतलं बंद पडलेलं मशीन उचलून बाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर गेले होते, घाम पुशीत, आणि ह्या माणसाने मशीनकडे न बघता मला विचारलं, "प्लग लावला होता?" मला इतका राग आला की मी मशीन उचलून परत निघाले. तो मागून ओरडला, "अहो बाई, रागावू नका, मी हे रोज पन्नास जणांना विचारतो, त्यातले दहा जण लाजतात!" प्लग लावलेला होता. बिघाड दुसराच होता. पण त्याने दुरुस्त करून झाल्यावर मशीनवर खाऊचा एक हिरवा पुडा ठेवला, नारळाच्या चवीचा, लहान मुलांना देतात तो, आणि बजावलं, "हा खायचा नाही. आणि मुदत संपली की बदलायचा. हा वर असला की मशीन गुणी बाळासारखं वागतं." मी म्हटलं, तुम्ही शिकलेले दिसता. तो म्हणाला, "शिकलेलेच जास्त ठेवतात. बँकेत जाऊन बघा. लाल पुडा मात्र कधी ठेवू नका, लाल दिवा लागतो." ह्या नव्या मशीनवरही पुडा आहे. हिरवा. काल मी दुकानात तारीख दोनदा वाचून आणला.

तर संशय स्वतःवर. प्लग आहे. मागची कळ चालू आहे. जाड वायर बसली आहे. प्रोसेसरजवळची आठ टोकांची वायर, जी सगळे विसरतात, ती मी विसरले नाही. रॅम काढली, पुसली, खट् आवाज येईपर्यंत परत दाबली. बटण दाबलं. पंखा अर्धा गरका. दुसऱ्या खाचेत दाबली. बटण दाबलं. पंखा अर्धा. आणि तेव्हा, गुडघ्यांवर बसलेली, डोकं त्या पत्र्याच्या पेटीत खुपसलेली, धातूचा आणि नव्या प्लास्टिकचा वास नाकात, मला वाटलं की संशय स्वतःवर म्हणजे फक्त हाताने काय चुकलं एवढाच नसतो. एखादी वायर मी मुद्दाम सैल ठेवली असेल तर? हाताला ठाऊक, मला ठाऊक नाही. कारण जोवर हे मशीन बंद आहे तोवर त्याने नाही म्हटलेलं नाही.

त्याने मला काही सांगितलेलं नाही. वर्षभर आम्ही ह्या प्रश्नाभोवती फिरतो आहोत, खोलीत मधोमध ठेवलेल्या कपाटाभोवती फिरावं तसं, अंग चोरून. फक्त सोमवारी. सोमवारी नर्स गेल्यावर मी तक्ता धरला आणि विचारलं, तुला काय वाटतं. माझं बोट फिरत गेलं आणि एका अक्षरावर त्याने डोळे मिटले. नकाराचं अक्षर. त्या अक्षराने आणखीही शंभर शब्द सुरू होतात, पपईच्या वेळी मी असल्याच एका अक्षरावरून सबंध जेवण ठरवलं होतं. ह्या वेळी मी शब्द पुरा केला नाही. दुसरं अक्षरही विचारलं नाही. स्वयंपाकघरात भाताची कळ टक् करून उडाली आणि मी म्हटलं, "भात झाला वाटतं," आणि तक्ता खाली ठेवला. भात दहा मिनिटं तसाच मुरू देतात. मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे.

बटण दाबलं.

अकरा वाजता मी तक्ता घेऊन त्याच्याजवळ बसले. त्याच्या नाकावरच्या श्वासाच्या मुखवट्यातून हवेचा सुस्कारा येत-जात होता. "सांग. काय तपासू?" बोट फिरलं. त्याने हळूहळू एक शब्द जुळवला: बोर्ड. "बोर्ड गेलाय? नवाच बोर्ड खराब आलाय?" तो वर बघायला लागला, पण मी तोवर उठले होते, फोन उचलला होता.

"रो भाऊ, हे म्हणतात बोर्ड गेला."

"जाईल कसा? मी काल स्वतः लावून बघितलाय. पंखा काय करतो?"

"अर्धा फिरतो आणि थांबतो."

"मग कुठेतरी वीज भलतीकडे जातेय. वहिनी, त्यालाच विचारा ना. आम्ही सगळे त्यालाच विचारायचो."

"तुम्ही येता का?"

"गाळ्यात एकटा आहे हो. सातला बंद केलं की येतो. चालेल?"

सात. चालेल, म्हटलं. माणूस अशा वेळी चालेल म्हणतो. फोन ठेवला आणि पेटीतल्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरी काढून उलट्या लावल्या, मग सुलट्या लावल्या, आणि एकेक गोष्ट काढत गेले, त्याच्याच पद्धतीने, काढत जायचं आणि बघायचं. जास्तीची डिस्क काढली. पंखे काढले, एक ठेवला. दुसरी रॅम काढली. प्रत्येक वेळी अर्धा गरका. किती काढलं म्हणजे ते मशीन राहत नाही? गाळ्यात नव्या पोरांना शिकवताना तो म्हणायचा, बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, वीज, बस, एवढ्यावर ते जिवंत व्हायला हवं, बाकी सगळी हौस. मी डबा उघडत ऐकायची. आता पलंगावर बोर्ड, प्रोसेसर आणि हवा होती, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, कारण त्याला सगळं कळतं. डोकं अगदी चालू आहे, हीच ह्या दुखण्याची तऱ्हा. त्याच्या डोळ्यांसमोर कुणी स्क्रू उलटा फिरवत असेल तर तो बघत राहतो. वीस वर्षांचा कारागीर आणि त्याच्यासमोर माझे हे दोन ठोंबे हात.

आवाज आम्ही कपड्यांच्या कपाटात भरला. सगळ्यात शांत जागा तीच. रजया चहूबाजूंनी टांगलेल्या, आत स्टुलावर तो, हातात माइक, आणि बाहेर मी दार धरून, कारण ते आपोआप उघडायचं. हजाराच्या वर वाक्यं वाचायची होती, कंपनीने दिलेली, काहीच्या काही. आज गाडी उशिरा आली. माझ्या मांजराला पाऊस आवडत नाही. चहात साखर नको, बर्फ कमी. हे शेवटचं तो इतकं ठसक्यात म्हणाला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगतो तसं, की मी बाहेर हसले आणि माझं हसू आत भरलं गेलं, पुन्हा म्हणावं लागलं. शेवटच्या शंभर वाक्यांत जीभ अडखळायला लागली होती. म्हणून मशीनमधला त्याचा आवाज किंचित प्यायल्यासारखा आहे. सासूबाईंना तो आवाज ऐकवत नाही. आणि तो बंद असला की खोली ऐकवत नाही.

बटण दाबलं. पंखा अर्धा गरका फिरला आणि

एक वाजता सासूबाईंनी शेवयांचा वाडगा माझ्या मांडीवर आणून ठेवला. "खा. उपाशी हाताला वायरी दिसत नाहीत." मग तिथेच उभ्या राहिल्या. पेटीकडे बघून म्हणाल्या, "नाहीच झालं तर?"

"तर सगळं तीन आठवड्यांवर गेलं."

"तीन आठवडे तर तीन आठवडे."

त्यांनी हे अगदी हळू म्हटलं, आणि मला दिसलं की आम्ही दोघी एकाच गोष्टीची वाट बघतोय, मी गुडघ्यांवर बसून आणि त्या उभ्याने, आणि आमच्या दोघींच्या मधून, खालून, तो आमच्याकडे बघतोय. मी वाडगा बाजूला ठेवला, तक्ता उचलला. "यू-हाई, मघाशी मी पुरतं ऐकलं नाही. परत सांग." सासूबाई आत निघून गेल्या. ह्या वेळी मी थांबले. बोर्ड. थांबले. त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या, मिटल्या की उघडायला वेळ लागत होता, हो म्हणतोय की दमलाय ते कळत नव्हतं, तरी थांबले. बाहेर. थांबले. काढ. आणि मग आणखी एक शब्द, त्याला दहा मिनिटं लागली: पुठ्ठा.

सकाळी अकरालाच तो हे सांगत होता. मी पहिल्या शब्दावर उठून गेले होते.

त्याचा नियमच तो. नवा बोर्ड पेटीत बसवण्याआधी त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून एकदा चालू करून बघायचा. काल घाईत मी तो गाळला. आता बोर्ड काढायचा म्हणजे नऊ स्क्रू, सगळ्या वायरी, प्रोसेसरवरचा अवजड पंखा सांभाळत, आणि दोन वाजून गेलेले. खाली गल्लीत कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायला लागलं. सासूबाईंनी पिशव्या उचलल्या, चपला सरकवल्या, "ह्या गाडीला पण आत्ताच यायचं होतं," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. चौथा मजला. त्यांना यायला पंधरा मिनिटं लागतात, शेजारणींशी बोलणं धरून वीस.

नववा स्क्रू निघाला. मी बोर्ड दोन्ही हातांनी वर उचलला आणि त्याच्यामागून, पितळी खुंट्यांच्या मधून, काहीतरी घसरलं आणि पेटीच्या तळाशी खण्‌कन पडलं.

सोनेरी पत्र्याचं कार्ड, देवळात ताईत म्हणून देतात तसलं. खेळायच्या पत्त्याएवढं, पातळ. त्याच्यावर दाढीवाला देव, औषधाचा, नदीपलीकडच्या देवळातला. कडेला लाल दोऱ्याची गाठ.

मी ते उलटंसुलटं करून बघितलं. बोर्ड आणि पेटीचा पत्रा ह्यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी फट असते. वरून टपालपेटीत पत्र टाकावं तसं ते आत सरकवलेलं होतं. काल संध्याकाळी सगळं बसवून, पेटीचं झाकण उघडं ठेवून, मी त्याच्या अंघोळीचं पाणी काढायला गेले होते. इथे, ह्या खोलीत, तेव्हा फक्त तो होता. आणि पलंग टेबलाकडे तोंड करून आहे.

"तू बघितलंस."

डोळे मिटले. हो.

"काल बघितलंस. रात्रभर तुला ठाऊक होतं."

हो.

"मग सांगितलं का नाहीस? बोर्ड काढ, पुठ्ठ्यावर ठेव, एवढं सगळं जुळवलंस. सरळ म्हणायचं, आईने कार्ड टाकलंय!" माझा आवाज चढला. मी कोपर पलंगावर टेकवून तक्ता धरला. बोट फिरलं. त्याने दोनच शब्द दिले.

आई आहे.

मी बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवला. वीज जोडली, एक रॅम, एक पंखा, मॉनिटर. उघड्या बोर्डाला बटण नसतं. दोन बारीक टोकं असतात, त्यांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकत्र टेकवायचं, क्षणभर. गाळ्यात त्याने मला एकदा करून दाखवलं होतं, जेवता जेवता, डाव्या हाताने. मी ड्रायव्हर उचलला आणि हात तिथेच थांबला. दोन पस्तीस. नाही टेकवलं तर? रो भाऊ सातला येतील, तोवर डॉक्टरीणबाई येऊन गेलेल्या असतील, त्या परत तीन आठवड्यांनी येतील, आणि दोष कुणाचाच नाही, दोष देवाचा, पत्र्याचा. तीन आठवडे तो माझ्या तक्त्यातून बोलेल आणि मला ऐकायचं तेवढंच मी ऐकेन, भात झाला वाटतं म्हणेन. मी त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर पुन्हा पंख्यावर होती, सकाळपासून होती तशीच. तो माझी पारख करत नव्हता, मला विनवत नव्हता. गिऱ्हाइकाचं मशीन चालू होतंय का ते बघत होता.

टेकवलं.

पंखा अर्धा गरका फिरला. पाऊण फिरला. पुरा फिरला, आणखी एक, आणि मग पाती दिसेनाशी झाली. बोर्डातून एकच बारीक शीळ आली. मॉनिटरवर पांढरी अक्षरं उमटली आणि काचेतला माझा चेहरा पुसला गेला.

डिस्क जोडली, कॅमेरा जोडला. पडद्याच्या चार कोपऱ्यांतल्या चार ठिपक्यांकडे त्याने बघायचं असतं, कॅमेऱ्याची ओळख पटायला. तो तिसऱ्या ठिपक्यावर होता तेव्हा जिन्यात चपला वाजल्या. कार्ड लपवायचं मला सुचलंच नाही. ते टेबलावर, शेवयांच्या वाडग्याशेजारी चकाकत होतं.

सासूबाईंनी आधी पंखा बघितला. मग कार्ड. मग माझ्याकडे वळल्या.

"ते कुठे होतं?"

"बोर्डाखाली."

"त्याच्यामुळे?"

"पत्रा आहे ना तो, आई. वीज त्याच्यातून भलतीकडे जाते."

"ह्याने जन्मभर मशीनवर खाऊचा पुडा ठेवला," त्या म्हणाल्या. आवाज भांडायचाच होता. "खाऊचा! पोरासोरांचा! ते तुम्हाला चालतं. मी देव ठेवला तर मशीन मरतं." आणि त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, एकदम, आणि त्याला लहानपणच्या नावाने हाक मारली. "म्हणजे आ-हाई, मीच तुझं तोंड..."

"आई."

तोच आवाज, कपाटातला, किंचित प्यायलेला. त्यांनी दचकून मॉनिटरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो अक्षरं शोधत होता.

"वर ठेव. पुड्याजवळ."

सासूबाईंनी कार्ड उचललं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, आणि हिरव्या पुड्याला टेकवून उभं केलं. ते घसरलं. परत उभं केलं.

घंटा वाजली. डॉक्टरीणबाई आणि नर्स पंग, दोघींनी बूट दारात काढले, घरातल्या चपला घातल्या. टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर उघडा बोर्ड, वायरींचा गुंता, पेटी जमिनीवर उताणी पडलेली. "हे काय हो आजी, ऑपरेशन केलंत की काय?" पंग म्हणाली. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या उंचीला बसल्या. त्यांनी घाई केली नाही. नळी म्हणजे काय, नळी नसली तर काय, त्रास होऊ नये म्हणून काय करता येतं, सगळं सांगितलं. मग त्याला नावाने हाक मारून विचारलं.

पडद्यावर नजरेचा ठिपका हलला, खाली गेला, पापणी अर्धी मिटली, उघडली. एका अक्षरावर ठिपका ठरला. अक्षर उजळलं.

सोमवारचंच.

शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी जीभ दातांखाली धरली. शेजारी सासूबाईंचे ओठ हलले, त्यांनाही शब्द दिसला होता, तो किंवा त्याच्या जागी दुसरा कुठला तरी, आणि मग त्यांनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नंतर तिथे चार वळ उठले. कुणी काही पुरं केलं नाही. पुठ्ठ्यावर पंखा फिरत होता. दुसरं अक्षर यायला फार वेळ लागला.

"नको," यू-हाई म्हणाला.

तो कपाटातलाच 'नको' होता, मी शपथेवर सांगेन. रजयांमधला. मी बाहेर दार धरून उभी, आणि आत तो, साखर नको म्हणणारा, तसाच ठसक्यात, तसाच सहज.